कूलंटची गळती (मोटारगाडीतील)

मोटारगाडीच्या इंजिनातील जादा उष्णता वाहून नेणारे शीतक द्रव्य, म्हणजेच नित्याच्या बोलण्यातले कूलंट, आपल्या बंदिस्त मार्गातून बाहेर किंवा इंजिनाच्याच आत झिरपू लागते, तेव्हा त्या बिघाडास कूलंटची गळती म्हणतात. मार्ग बंदिस्त असल्याने सुस्थितीतील गाडीत कूलंट वारंवार भरावे लागत नाही. कूलंटच्या टाकीतील पातळी महिन्या-दोन महिन्यांनी खाली येत असेल, तर जमिनीवर एकही थेंब दिसत नसला तरी गळती आहे असेच धरून चालावे.

कूलंट बहुधा पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे सम प्रमाणातील मिश्रण असते. ते सुमारे −३७° से. तापमानास गोठते आणि वातावरणाच्या दाबाखाली १०६° ते १०८° से.च्या आसपास उकळते. प्रत्यक्षात रेडिएटरच्या (कूलंटला हवेने थंड करणाऱ्या जाळीदार भागाच्या) किंवा टाकीच्या झाकणातील स्प्रिंगची झडप आत सुमारे १ बार जादा दाब टिकवून धरते, त्यामुळे उकळबिंदू १२५° से.च्या घरात जातो. गळतीने द्रव जातो तसा हा दाबही जातो, आणि मग उरलेले कूलंट नेहमीच्याच तापमानाला उकळू लागते. म्हणून झाकणाच्या कडक झालेल्या रबरी वायसरकडे क्षुल्लक भाग म्हणून दुर्लक्ष करणे महागात पडते.

बाहेरची गळती शोधताना ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की थेंब जेथे पडतो तेथेच उगम असतो असे नाही. चालत्या गाडीत पंख्याचा व समोरचा वारा द्रव मागे ढकलतो आणि तो एखाद्या कडेवरून ओघळत बराच दूर जाऊन टपकतो. त्यामुळे सर्वांत वरचा ओला भाग शोधावा लागतो. तापलेल्या धातूवर पाणी उडून जाते व मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी राहते. ओल नसली तरी ही खरपुडी उगम दाखवते. होजपाइपांची टोके व त्यांवरील क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी यांमधील सांधा, थर्मोस्टॅटचे (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचे) घर आणि वॉटर पंप या नेहमीच्या जागा होत. पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्यातून बाहेर यावे, हा त्याचा हेतू. ते गळते म्हणून बुजवणे म्हणजे इशारा देणाऱ्याचेच तोंड दाबणे होय.

गाडीखाली पडलेले स्वच्छ, बिनवासाचे पाणी पुष्कळदा एसीचे असते आणि त्यात काही बिघाड नसतो. कूलंट मात्र बोटांना बुळबुळीत लागते व त्यास गोडसर वास येतो. हा वास गाडीच्या आत येऊ लागला, पुढची काच आतून चिकट वाफेने धुरकट झाली आणि पायाखालचा गालिचा ओला लागला, तर डॅशबोर्डमागील हीटरची जाळी फुटलेली असण्याचा संभव मोठा.

नजरेने न सापडणाऱ्या गळतीसाठी दाबचाचणी करतात. इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी हातपंप बसवून, झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब चढवतात आणि दहा-पंधरा मिनिटे काट्यावर लक्ष ठेवतात. काटा उतरला की गळती आहे हे निश्चित होते. काही सांधे मात्र थंडपणीच पाझरतात व इंजिन तापताच धातूच्या प्रसरणाने मिटतात, तर काही याच्या उलट वागतात. म्हणून एका चाचणीत काही न आढळल्यास गरम इंजिनावर ती पुन्हा करणे योग्य. अतिसूक्ष्म गळतीसाठी कूलंटमध्ये रंजकद्रव्य मिसळून काही दिवसांनी जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याच्या उजेडात त्याची चमक शोधतात.

दाब उतरतो पण बाहेर ओल नाही, अशा वेळी हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा ठोकळा व त्यावर बसणारे हेड यांमधील सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ पत्रीकडे, वळावे लागते. ते फुटल्यास कूलंट ज्वलनकक्षात जाऊन एक्झॉस्टमधून दाट पांढरा धूर येतो, ऑइलमध्ये मिसळल्यास ऑइल दुधाळ होते, किंवा ज्वलनातील वायू उलट कूलंटमध्ये शिरून टाकीत अखंड बुडबुडे दिसतात. थंड हवेत कमी अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली बाष्पामुळेही दुधाळ थर साचतो, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नये. टाकीतील हवा निळ्या परीक्षण-द्रवातून खेचल्यावर तो पिवळा पडला, तर ज्वलनवायूंची खात्री पटते.

दुरुस्ती उगमावर अवलंबून असते. होजपाइप व क्लिप बदलणे थोडक्यात होते. प्लॅस्टिकच्या टाकीची चीर चिकटद्रव्याने भरता येते, पण उष्णता व दाब यांपुढे ती क्वचितच टिकते. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल, तर दोन्ही एकत्र बदलणे शहाणपणाचे. हेड गॅस्केटसाठी हेड उतरवून त्याचा पृष्ठभाग सपाट आहे का हे तपासावेच लागते, कारण अतितापाने ॲल्युमिनियमचे हेड वाकते. कूलंटमध्ये ओतायची गळतीरोधक द्रव्ये मुक्कामापर्यंत पोहोचवतात खरी, परंतु हीटरच्या बारीक नळ्याही तीच बुजवतात.

गरम इंजिनाचे झाकण उघडल्यास उकळते कूलंट उसळून गंभीर भाजते. एथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असल्याने सांडलेले कूलंट मुले व पाळीव प्राणी यांच्या वाटेत राहू देऊ नये. नवे कूलंट भरताना रंगावर न जाता उत्पादकाने सांगितलेला प्रकार घ्यावा आणि तयार मिश्रण नसेल तर ते ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळावे. त्यानंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून आत अडकलेली हवा काढतात. पातळी तापमान मोजणाऱ्या संवेदकाखाली गेली वा त्याच्याभोवती हवा राहिली, तर तापमानाचा काटा खालीच राहतो आणि इंजिन मात्र तापत असते. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत उरलीसुरली हवा निघून पातळी किंचित उतरते. ही उतरण गळतीची नव्हे, आणि थंड इंजिनावर एकदा भर घातल्यावर ती थांबते.