डीफॉल्ट कर्नलमधील ड्रायव्हरांची निवड

ऑपरेटिंग सिस्टिमसोबत मिळणाऱ्या तयार कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) कोणते ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) कायमचे जोडायचे, कोणते मॉड्यूल (गरजेपुरता लोड होणारा सुटा भाग) म्हणून बाजूला ठेवायचे आणि कोणते वगळायचे, हे ठरवण्याचे काम. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हरांपुढे ‘वाय’ (जोडा), ‘एम’ (मॉड्यूल) किंवा ‘एन’ (वगळा) असे उत्तर नोंदवतात. बीएसडी परिवारात (फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांसारख्या युनिक्स वंशातील सिस्टिमांत) सर्वसाधारण यंत्रांसाठीच्या कर्नलला ‘जेनेरिक’ म्हणतात.

खरा पेच बूट होतानाचा असतो. मॉड्यूलच्या फाइली डिस्कवर असतात, पण डिस्क वाचायला तिच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आधीच मेमरीत हवा. लिनक्सची बहुतेक वितरणे (डेबियनसारखे तयार संच) यासाठी इनिटरामएफएस वापरतात: बूटलोडर (यंत्र सुरू होताना कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्रॅम) कर्नलबरोबर एक छोटी फाइल सिस्टिम मेमरीत आणतो आणि कर्नल त्यातून गरजेचे ड्रायव्हर उचलतो. फ्रीबीएसडीत बूटलोडर स्वतःच कर्नलसोबत मॉड्यूल लोड करू शकतो. त्यामुळे डिस्कचा ड्रायव्हरही कर्नलमध्ये पक्का बसवलाच पाहिजे असे राहत नाही. ओपनबीएसडीने मात्र २०१५ च्या ५.७ आवृत्तीत लोड करता येणारी मॉड्यूलच काढून टाकली. तिथे ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो किंवा नसतोच, म्हणून जेनेरिकमधल्या प्रत्येक नोंदीला जास्त वजन येते.

ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला की मेमरी वाचते. धोका मात्र तेवढ्याने टळत नाही, आणि ही बाब निवड करताना सहज निसटते. लिनक्सच्या एन_एचडीएलसी या सिरियल जोडणीच्या ड्रायव्हरमधली, २००९ पासून असलेली एक त्रुटी २०१७ मध्ये उघड झाली. ज्या वितरणांत तो मॉड्यूल म्हणून होता, तिथे साधा वापरकर्ताही तो आपोआप लोड करवू शकत होता आणि त्या त्रुटीतून रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार मिळवू शकत होता. क्वचित लागणाऱ्या ड्रायव्हरचे आपोआप लोड होणे बंद ठेवणे हाच इथे शहाणपणा.

कर्नल कुठे चालणार, यावरही निवड ठरते. डेबियन आभासी यंत्रांसाठी वेगळा ‘क्लाउड’ कर्नल देते आणि प्रत्यक्ष हार्डवेअरचे बरेच ड्रायव्हर त्यातून गाळते. उलट इन्स्टॉलरच्या कर्नलला अनोळखी यंत्रावर चालायचे असते. त्यात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नसेल, तर तो इंटरनेटवरून आणायची वाटच बंद होते. म्हणून तिथे हात सैल ठेवावा.

ड्रायव्हर काढणे हे घालण्यापेक्षा अवघड. जुने कार्ड कोणाच्या यंत्रात अजून चालू आहे, हे विकासकांना दिसत नाही. तपासायला ते कार्ड त्यांच्याकडेही नसते. फ्रीबीएसडीने १० आणि १०० मेगाबिटचे अनेक जुने इथरनेट ड्रायव्हर आधी सूचना देऊन, वापरणाऱ्यांकडून माहिती मागवून, मग १३.० आवृत्तीत काढले.