पुश ईमेल

सर्व्हरवर पत्र येऊन पडताच त्याची वर्दी वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत आपोआप पोहोचवण्याची पद्धत. याच्या उलट, यंत्रानेच ठरावीक वेळाने जाऊन ‘काही आले का?’ असे विचारणे म्हणजे पोलिंग. सर्व्हरवरून पत्रे उतरवून घेण्याच्या पॉप-३ या पद्धतीत तेवढाच मार्ग आहे. नाव ‘पुश’ असले तरी बहुधा ढकलली जाते ती वर्दीच. पत्र आणायला यंत्राला स्वतःच जावे लागते.

संगणकावर हे काम आयमॅपची (पत्रे सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीची) ‘आयडल’ ही १९९७ साली मानकात आलेली आज्ञा करते. मेल प्रोग्राम सर्व्हरच्या ९९३ पोर्टवर (जोडणीसाठीच्या क्रमांकित दारावर) जोडणी उघडतो, इनबॉक्स निवडतो, आयडल पाठवतो आणि गप्प बसतो. पत्र आले की सर्व्हर ‘२४ एक्झिस्ट्स’ एवढीच ओळ धाडतो, म्हणजे फोल्डरात आता २४ पत्रे आहेत. प्रोग्राम ‘डन’ म्हणून आयडल संपवतो, पत्र उतरवून घेतो आणि पुन्हा आयडल देतो. अर्धा तास सामसूम राहिली तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो, म्हणून २९ मिनिटांच्या आत आयडल नव्याने द्यावे असे मानकच सांगते. एका जोडणीवर एकाच फोल्डरवर लक्ष राहते. फिल्टरने परस्पर दुसऱ्या फोल्डरात टाकलेले पत्र उशिरा दिसते ते यामुळेच. लॅपटॉप झोपला की जोडणी तुटते आणि पत्रासाठी त्याला सहसा कोणी उठवत नाही.

फोनवर हीच रीत बॅटरीच्या मुळावर येते. दोष डेटाचा नाही, रेडिओचा: चार बाइट पाठवले तरी तो पुढे काही सेकंद जास्त वीज खात जागा राहतो. शिवाय मोबाइल कंपनीचा नॅट (अनेक फोनना एकाच इंटरनेट पत्त्यामागे ठेवणारी यंत्रणा) शांत पडलेली जोडणी अनेकदा काही मिनिटांतच विसरतो, तेही न सांगता. फोन मात्र ती चालूच आहे असे धरून बसतो. ती जिवंत ठेवायला सतत खडा टाकत, म्हणजे छोटासा संदेश पाठवत राहावे लागते आणि पाच ॲपचे पाच खडे परवडत नाहीत.

म्हणून फोनची प्रणाली सर्वांसाठी मिळून एकच जोडणी सांभाळते. आयफोनवर ॲपलची पुश सेवा (२००९ पासून, पोर्ट ५२२३, तो बंद असल्यास ४४३), अँड्रॉइडवर गूगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग (पोर्ट ५२२८ ते ५२३०). मेल सेवा या मध्यस्थाला कळवते, तो फोनला उठवतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरशी फोन जोडणाऱ्या एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंकची तऱ्हा वेगळी: फोन विचारणा करून ठेवतो आणि सर्व्हर पत्र येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत उत्तर अडवून धरतो.

गोची अशी की मेल सेवेने मध्यस्थाला कळवले नाही तर पुश नाहीच. आयफोनच्या मेल ॲपमध्ये जोडलेले जीमेल खाते याच कारणाने ‘फेच’वर, म्हणजे पोलिंगवर चालते, जीमेलच्या स्वतःच्या ॲपमध्ये तेच पत्र लगेच वाजते. फेच ‘ऑटोमॅटिकली’ ठेवले तर पार्श्वभूमीत पत्रे आणली जातात ती फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच. ‘रात्री चार्जर लावला की सगळी पत्रे एकदम येतात’ ही तक्रार म्हणजे बिघाड नव्हे, सेटिंग आहे.

अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून डोझ या बॅटरी वाचवणाऱ्या सोयीमुळे निपचित पडलेल्या फोनचे नेटवर्क अडवले जाते; उच्च प्राधान्याचे संदेश तेवढे आत येतात. के-९ मेलसारखे ॲप स्वतःच आयडल चालवते, त्यामुळे त्याला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळावे लागते आणि त्याची कायमची सूचना वर दिसत राहते. ती सूचना उपद्रव मानून ॲप काढू नये. मोबाइल डेटावर पत्र लगेच आणि ऑफिसच्या वाय-फायवर उशिरा येत असेल, तर फायरवॉलमध्ये वर सांगितलेले पोर्ट उघडे आहेत का ते आधी पाहावे.