सभेची परवानगी : गश्ती निशाण 53 ते कलम 19

दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यात ध्वजवंदन होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांची आठवण निघते. मात्र निजामाविरुद्धच्या त्या लढ्याची एक मूळ मागणी भाषणांतून क्वचितच ऐकू येते : सरकारला न विचारता चार लोकांसमोर बोलता यावं.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे सभांवर ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाचा पहारा होता. जाहीर सभा घ्यायची तर आधी अर्ज, आणि मंजुरी आली तरच सभा. हुकूमाने सभा मोडायचीही गरज नव्हती, अर्ज नुसता पडून राहिला तरी काम भागत असे. त्यामुळे राजकारण शाळा-वाचनालयांच्या आडोशाने वाढलं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते, ही त्यातली ठळक नावं. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं, म्हणजे संस्थानातल्या मराठी भागाच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली, आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला. उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेल्या अशा कितीतरी विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं.

छापील शब्दाचीही गत वेगळी नव्हती. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की ते नाव बदलून अंक काढत. ऑगस्ट 1948 मध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. संस्थानाने भारतात विलीन व्हावं असं ते लिहीत होते, आणि मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी होता असं सांगणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

संविधान सभेत हैदराबादच्या वाट्याच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. म्हणजे डिसेंबर 1948 च्या सुरुवातीला तिथे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर वाद झाला, तेव्हा आपल्या भागातून बोलायला कुणीच नव्हतं. बोलण्यावरच्या बंधनाचं कारण म्हणून मसुद्यात असलेला ‘राजद्रोह’ हा शब्द गळला, तो कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीमुळे. वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम हवं या मागणीवर डॉ. आंबेडकरांचं उत्तर असं होतं की संपादकही नागरिकच, नागरिकाला असलेला हक्क त्यालाही आहेच. नोव्हेंबर 1949 मध्ये निजामाने फर्मान काढून हे संविधान संस्थानाला लागू केलं. 26 जानेवारी 1950 पासून कलम 19, म्हणजे बोलण्याचा आणि सभा घेण्याचा हक्क, परतूरच्या माणसालाही मिळालं. बोलणाऱ्याने परवानगी मागायची ही रीत उलटली, आता अडवणाऱ्याने कारण द्यायचं होतं.

मे 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी रद्द झाली, आणि संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’वरची दिल्लीतली पूर्वतपासणीही, म्हणजे मजकूर छापण्याआधी सरकारला दाखवण्याची सक्ती. विचारांची दोन टोकं, पण न्याय एकच. सरकारला मात्र तो मानवला नाही. जून 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचं नवं कारण आणलं. निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही त्याच दुरुस्तीतली. माझ्या मते पुढची सगळी ओढाताण याच दोन शब्दप्रयोगांमधली आहे.

आणीबाणीत पूर्वतपासणी परत आली. मुक्तिसंग्रामात उतरलेले ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव स्वतंत्र भारतात तुरुंगात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 1976 मध्ये, त्या धाकाच्या दिवसांतही, बजावलं की सगळ्या नियतकालिकांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे.

सभेच्या परवानगीबाबत मात्र सगळ्यात कामाचा निकाल त्याआधीचा, 1972 चा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. अहमदाबादच्या हिंमतलाल शहांना रस्त्यावर सभा घ्यायला पोलिसांनी मनाई केली होती. ज्या नियमाखाली ती केली तो मुंबई पोलीस अधिनियम, 1951 वरून आलेला, म्हणजे आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून आपल्यालाही लागू असलेल्या कायद्यावरून. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. वेळ, जागा, वाहतूक यांचं नियमन पोलिसांनी करावं, पण कोणतेही निकष न ठेवता नकाराचा मनमानी अधिकार त्यांच्या हाती देता येत नाही.

त्याच अधिनियमाच्या कलम 37(3) खाली जिल्ह्याजिल्ह्यांत जमावबंदीचे आदेश निघतात. शासनाच्या मंजुरीशिवाय ते पंधरा दिवसांपुरतेच काढता येतात, म्हणून मुदत संपली की नवा आदेश येतो, आणि मोर्चा-धरण्याला पुन्हा अर्ज. असे आदेश पुन्हापुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे आणि ते आव्हान देता येईल असे प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन खटल्यात फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या कलम 144 बद्दल म्हटलं. तीच कसोटी 37(3) ला लावून घ्यायला हवी. त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही, औरंगाबाद खंडपीठ आपल्याच दारात आहे.