कुटुंब समुपदेशनाचं शिक्षण: ओसरीवरच्या बैठकीपासून पदवीपर्यंत

एम.ए. मानसशास्त्र किंवा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं-मुली बीड, लातूरकडून भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: नवरा-बायकोचं, घरादाराचं समुपदेशन करायचं तर शिकायचं कुठं? अमेरिकेत त्यासाठी वेगळी पदव्युत्तर पदवी आहे, परवाना आहे, हे त्यांनी मोबाईलवर वाचलेलं असतं. आपल्याकडे तसं का नाही आणि जे आहे ते कुठून आलं, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

मागं म्हणजे आधी बैठकीपर्यंत. मराठवाड्यात लग्नाचं भांडण कधी दोघांपुरतं नव्हतंच. मुलगी नांदायला जात नाही, किंवा सासरचे नांदवत नाहीत, असं झालं की मामा, चुलते, सोयरीक जमवणारा मध्यस्थ आणि गावातली चार वजनदार माणसं ओसरीवर बसायची. पोरगी आत, चौकटीला पाठ लावून उभी. तिला पुढं बोलवायचे ते अगदी शेवटी, "काय बाई, जातीस ना?" एवढं विचारायला. या बैठकांनी कितीतरी संसार सावरले. मार खाणाऱ्या कितीतरी पोरींना त्याच घरात परतही धाडलं. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावातच तंटे मिटवण्याच्या या रीतीला समितीचं रूप मिळालं. बैठकीला घर आतून-बाहेरून ठाऊक असतं, पण चौकटीतल्या पोरीचं ऐकून घ्यायला बैठकीतल्यांना कुणी शिकवलेलं नाही, असं मला कायम वाटत आलं आहे.

तिकडे अमेरिकेतही सुरुवात फार स्वच्छ नव्हती. १९३० मध्ये लॉस एंजेलिसला पॉल पोपेनो यांनी विवाहविषयक सल्ल्याचं केंद्र काढलं. हे गृहस्थ वंशसुधारणेचे कडवे पुरस्कर्ते होते. कुणी कुणाशी लग्न करावं आणि कुणाला मुलं व्हावीत, ही त्यांची मूळ चिंता. १९३२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली मड यांनी उभं केलेलं काम त्याहून माणुसकीचं होतं. १९४२ मध्ये विवाह समुपदेशकांची संघटना झाली तरी त्यातले लोक मुळात डॉक्टर, पाद्री, समाजकार्यकर्ते होते. हा त्यांचा जोडीचा उद्योग.

खरं वळण आलं ते १९५० च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ आणि डॉन जॅक्सन हे मनोविकारतज्ज्ञ काही सहकाऱ्यांसह मनोरुग्णांच्या घरातलं बोलणं अभ्यासत होते. दवाखान्यात सुधारलेला रुग्ण घरी गेला की पुन्हा बिघडतो, नाहीतर तो बरा होताच घरातलं दुसरंच कुणी आजारी पडतं, हे जॅक्सन यांच्या ध्यानात आलं. म्हणजे दुखणं एका माणसात शोधून भागणार नव्हतं, ते माणसांच्या मधल्या जागेत होतं. शिकवायची पद्धतही यातूनच बदलली. विद्यार्थी एका खोलीत कुटुंबासोबत बसतो. भिंतीत एक आरसा असतो, पलीकडून मात्र ती काच असते आणि तिच्यामागे गुरू व इतर विद्यार्थी बसून सगळं पाहतात. गरज पडली तर फोन करून "आता वडिलांना बोलू दे" असं सांगतात. अर्थात हे सगळं त्या कुटुंबाच्या संमतीनं.

१९६३ मध्ये कॅलिफोर्नियानं या व्यवसायाला पहिला परवाना दिला. सगळ्या ५० राज्यांत परवाना पोचायला २००९ उजाडलं. आज तिथं दोन-तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी होते आणि त्याच्या पुढेमागे देखरेखीखालचं काम मोजून भरावं लागतं. कॅलिफोर्नियात ते ३,००० तास आहे. पण मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. साल्व्हादोर मिनुचिन आणि जे हेली या कुटुंब उपचारकांनी फिलाडेल्फियात गरीब वस्तीतल्या, पदवी नसलेल्या माणसांना हे काम शिकवलं. वस्ती त्यांच्या ओळखीची होती. शिकवायचं होतं ते ऐकणं, आणि ते रोजच्या रोज, डोळ्यांसमोर. तंटामुक्ती समितीतल्या एखाद्या समजूतदार आजीबाईंना असं शिकवता येणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही.

आपल्या देशात पहिला धडा अमृतसरहून आला. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला लावलं. पुढं बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबासाठी स्वतंत्र विभाग झाला. न्यायालयाच्या बाजूनं पाहिलं तर १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा महत्त्वाचा. न्यायाधीशानं आधी समेटाचा प्रयत्न करावा आणि त्यासाठी समुपदेशक असावेत, असं त्यात आलं. महाराष्ट्रात या जागांवर आली ती मुख्यतः एम.एस.डब्ल्यू. झालेली माणसं. त्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या कचेरीत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो पुढं राज्यभर पसरला. आपल्या भागातल्या किती बाया पहिल्यांदा मोकळं बोलल्या त्या अशाच एखाद्या पोलीस आवारातल्या छोट्या खोलीत!

मराठवाड्यात विद्यापीठच आलं १९५८ मध्ये. समाजकार्य शिकायचं तर आधी मुंबईची वाट धरावी लागे. १९८० च्या दशकात टाटा संस्थेनं तुळजापुरात काम उभं केलं आणि पुढं तिथं पूर्ण शिक्षणसंकुल झालं. अंबाजोगाईला मानवलोक संस्थेच्या मनस्विनी प्रकल्पात शैला लोहिया यांनी टाकलेल्या बायकांसोबत जे काम केलं, ते अनेकींची शाळा ठरलं. मग ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट. गणपती बोळवून झोपलेल्या गावांत एकेका घरात एखादंच माणूस उरलं. कर्त्याविना घर, आईविना लेकरं, मदतीच्या पैशावरून भावकीत वाद. घर हेच आजारी पडतं, हे इथल्या कार्यकर्त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आणि इथली एक गोष्ट कुठल्याच परदेशी अभ्यासक्रमात नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावची. लग्न मोडलं तर कोयता मोडतो, मुकादमाचं देणं मात्र डोक्यावर तसंच राहतं. असं जोडपं दिवाळीच्या सुमारास जातं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततं. त्यांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणण्यात काय अर्थ?

२०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा आला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आहेत, समाजकार्यकर्ते आहेत, कुटुंबनियोजन समुपदेशकसुद्धा आहेत. विवाह व कुटुंब उपचारक अशी वेगळी नोंद नाही. त्यामुळे आज वाट एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रातूनच जाते. ती वाट कमी प्रतीची नाही. एम.एस.डब्ल्यू.त आठवड्यातून दोन दिवस फिल्डवर्क असतं, त्याचं रेकॉर्डिंग लिहायचं असतं आणि मार्गदर्शकासोबत समोरासमोर आयसी, म्हणजे वैयक्तिक चर्चा, करायची असते. काचेमागच्या गुरूचं बी यात आहे. पण ठिकठिकाणी आयसी म्हणजे वहीवर सही, एवढंच उरलं आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षाला मी एका केंद्रात होते. पहिलीच केस. सून, सासू आणि मी. सासूबाई पाऊण तास बोलल्या, मी मान हलवत लिहून घेत राहिले. सून हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला वाटलं, छान चाललंय. संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक ताईंनी रेकॉर्डिंग वाचलं आणि विचारलं, "तुझी खुर्ची कुणाकडे तोंड करून होती गं?" मी आठवून सांगितलं. "मग तिनं कुणाशी बोलायचं?" म्हणाल्या.

पुढच्या तारखेला मी खुर्ची फिरवून बसले. सासूबाईंना चहाच्या निमित्तानं बाहेर ताईंकडे पाठवलं. पिशवीचा बंद सुटायला वीस मिनिटं लागली.