हाताला गार लागलेला शॉकअप

पेठ रस्त्यावरचा सावळ घाट ओलांडून आम्ही चहाला थांबलो. पावसाळा नुकताच सरला होता आणि रस्त्याची दरवर्षी होते ती दशा झाली होती. मामेभाऊ टपरीकडे वळला. मी त्याच्या जुन्या रेंज रोव्हरच्या चाकांमागे हात घालून एकेक शॉकअप चाचपला. आधी बेतानं, हाताच्या मागच्या बाजूनं, कारण चटका बसू शकतो. पुढचे दोन्ही चांगले गरम होते. मागचा उजवाही गरम. मागचा डावा मात्र शेजारच्या लोखंडाइतकाच गार.

"हा गेलाय," मी म्हटलं.

"पण ताई, तेल तर कुठंच गळत नाहीये."

तेल न गळताही शॉकअप जातो. आतली झडप झिजते, पिस्टनची सील सैल होते, बाहेरून काहीच कळत नाही. गाडी खड्ड्यांतून तासभर आदळून आली आणि शॉकअप गारच राहिला, याचा अर्थ त्यानं काम केलेलं नाही. कारण त्याचं कामच गरम होण्याचं आहे.

हिशोब अगदी साधा आहे. गाडीच्या एका कोपऱ्यावर ५०० किलो भार धरा. तो कोपरा खड्ड्यात ५ सेंटीमीटर खाली गेला, तर ५०० गुणिले ९.८ गुणिले ०.०५, म्हणजे २४५ ज्यूल ऊर्जा झाली. स्प्रिंग ती साठवते आणि लगेच परत करते, म्हणून गाडी वर उसळते. ही ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. शॉकअपमधला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून जबरदस्तीनं ढकलतो आणि घर्षणानं ऊर्जेची उष्णता होते. मिनिटाला असे दहा खड्डे आले, तर एका कोपऱ्यावर साधारण ४० वॅट झाले. जुन्या काळच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, नळीतल्या थोड्याशा तेलात.

माझ्या वर्गात हे समजावताना मी औषधाच्या दुकानातून दोन सिरिंज आणते. पहिलीत हवा भरून तोंडावर अंगठा दाबायचा आणि दट्ट्या आत ढकलायचा. जितका आत जाईल तितका विरोध वाढतो, आणि सोडला की दट्ट्या परत येतो. ही झाली हवेची स्प्रिंग. दुसरीत पाणी भरून तोंड उघडं ठेवायचं. सावकाश ढकललं तर विरोध जवळपास नाहीच. झटक्यानं ढकललं तर दट्ट्या हटून बसतो. सोडला तर जिथं आहे तिथंच राहतो, परत येत नाही. हा शॉकअप. स्प्रिंग विचारते "किती दाबलं?", शॉकअप विचारतो "किती वेगानं?"

या दोन सिरिंज डोक्यात पक्क्या बसल्या की गॅरेजमधले निम्मे गैरसमज गळून पडतात. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे गाडी खाली बसली की शॉकअप गेले. उघड्या तोंडाची सिरिंज वजन पेलू शकेल का? भावाच्या गाडीला पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या आहेत. त्यांना बेलो म्हणतात आणि या रचनेला एअर सस्पेन्शन. गाडीचं वजन पेलतात ते हे बेलो, त्यांच्यातली दाबाखालची हवा. गाडी सकाळी एका कोपऱ्यावर टेकलेली दिसली, तर बेलोवर आणि पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधावेत. शॉकअपवर पैसे घालून ती वर येणार नाही.

आणि ती चारही बाजूंनी किंचित बसलेली असेल, तर कदाचित काहीच बिघडलेलं नसेल. भावाचा मळा निफाडजवळ आहे. तिथं द्राक्षबागांना धडकी भरवणारी थंडी पडते आणि पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी नाही तरी अधूनमधून वाचतोच. दुपारी ३० अंशांना उभी केलेली गाडी पहाटे ५ अंशांवर आली, तर केल्व्हिनमध्ये ३०३ वरून २७८, म्हणजे आतली हवा सुमारे ८ टक्के आकसली. बेलोतला हवेचा स्तंभ २० सेंटीमीटर धरला तर गाडी दीड सेंटीमीटर खाली येणारच. इंजिन चालू झालं की कॉम्प्रेसर ती तूट भरून काढतो.

आता गाडीविषयी. पहिली रेंज रोव्हर १९७० साली आली ती साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगांवर. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं एअर सस्पेन्शन तिला १९९२ मध्ये मिळालं, आणि १९९४ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत चारही कोपऱ्यांवर हवा होती. भावाकडे आहे ती या दुसऱ्या पिढीची, कुणाकडून तरी हौसेनं घेतलेली. शॉकअप निवडण्याच्या दृष्टीनं तिची मोठी सोय अशी की बेलो वेगळा आणि शॉकअप वेगळा. पुढच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत, उदाहरणार्थ २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये, दोन्ही एकाच नळकांड्यात बसवलेले असतात. तिथं निवडीला फारसा वाव नसतो, ते अख्खं नळकांडं, म्हणजे स्ट्रट, घ्यावं लागतं. काही गाड्यांच्या शॉकअपला वायर जोडलेली असते, म्हणजे त्यांचा कडकपणा संगणक ठरवतो. त्यांच्या जागी बिनवायरचे टाकले की डॅशबोर्डवर दिवा लागलाच म्हणून समजा.

भावानं माझं ऐकून मागचे दोन्ही शॉकअप बदलायचं ठरवलं. एका ॲक्सलवरची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरची, जोडी एकदमच बदलायची असते. एक नवा आणि एक थकलेला असेल तर गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते. इथवर बरोबर होतं. पण दुकानात त्याला सांगितलं गेलं, "भाऊ, फोर बाय फोर आहे, हेवी ड्यूटी टाका, पुन्हा बघायला नको." त्यानं टाकले. पंधरा दिवसांनी फोन आला, "ताई, गाडी आधीपेक्षा जास्त आदळते."

हेवी ड्यूटी हा शब्द कानाला छान लागतो, पण त्यात प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. शॉकअप गाडीच्या दांडगेपणाशी जुळवायचा नसतो, तो स्प्रिंगशी जुळवायचा असतो. या जुळणीच्या मापाला पदार्थविज्ञानात अवमंदन गुणोत्तर म्हणतात. दाबून सोडलेली गाडी एकदाही न हेलकावता कमीत कमी वेळात जागेवर येईल, इतका विरोध म्हणजे गुणोत्तर १. प्रवासी गाड्यांत ते साधारण ०.२ ते ०.४ ठेवतात. म्हणजे थोडा हेलकावा मुद्दाम राहू देतात, कारण पूर्ण विरोध केला तर रस्त्यावरचा प्रत्येक दगड मणक्यापर्यंत पोचेल. स्प्रिंग जेवढी कडक तेवढा शॉकअपही कडक लागतो, पण सरळ पटीत नाही, वर्गमुळाच्या पटीत. चौपट कडक स्प्रिंगला दुप्पट कडक शॉकअप पुरतो.

या जुन्या रेंज रोव्हरच्या बेलोंना कंटाळून बरेच मालक ते काढून गुंडाळीच्या स्प्रिंग बसवतात. त्या बहुधा जास्त कडक असतात, आणि बाजारातले बरेचसे हेवी ड्यूटी शॉकअप अशा बदललेल्या, उंच केलेल्या गाड्यांसाठी जुळवलेले असतात. भावाच्या गाडीला हवेचे मऊ बेलो तसेच होते. परिणाम काय झाला ते समजून घेण्यासारखं आहे. शॉकअप दबताना मऊ आणि उघडताना कडक असतो, कारण दबलेल्या स्प्रिंगची उसळी त्याला आवरायची असते. उघडतानाचा विरोध स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा फारच जास्त झाला, तर चाक खड्ड्यात पूर्ण उतरायच्या आत पुढचा धक्का येतो. मग त्याच्या पुढचा. दर धक्क्याला गाडी थोडी थोडी खाली ओढली जाते आणि शेवटी, चाक फार वर येऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी ठोकळ्यावर आदळायला लागते. मालकाला वाटतं शॉकअप मऊ आहेत, आणखी कडक टाकावेत! एअर सस्पेन्शनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. उंची मोजणारे सेन्सर गाडी खाली गेल्याचं कळवतात आणि खराब रस्ता लांबला की कॉम्प्रेसर विनाकारण हवा भरत बसतो.

म्हणजे नेहमी कंपनीच्या मूळ मापाचाच शॉकअप घ्यावा का? बहुतेकांनी हो. पण भावाच्या बाबतीत मी थोडी अडखळले, कारण हवेच्या स्प्रिंगचा एक स्वभाव आहे.

साध्या स्प्रिंगवर वजन वाढलं तर ती दबते, कडकपणा तोच राहतो आणि गाडीचं डुलणं संथ होतं. हवेच्या स्प्रिंगवर वजन वाढलं तर कॉम्प्रेसर हवा भरून उंची पूर्ववत करतो. आकारमान तेवढंच, दाब जास्त, म्हणून कडकपणाही वजनाच्या प्रमाणात वाढतो. गणित मांडलं तर वजन दोन्हीकडून कटतं आणि डुलण्याचा वेग ढोबळमानानं फक्त हवेच्या स्तंभाच्या उंचीवर ठरतो. २० सेंटीमीटरच्या स्तंभाला सेकंदाला साधारण १.३ हेलकावे येतात. एकटा चालक असो की पाच माणसं आणि सामान, गाडी तशीच डुलते. मला हे गणित पहिल्यांदा सुटलं तेव्हा फळ्यासमोर उभ्या उभ्या आनंद झाला होता, आणि अजूनही होतो.

पण या सुखाची किंमत शॉकअप मोजतो. वजन ३० टक्क्यांनी वाढलं की साध्या स्प्रिंगच्या गाडीत अवमंदन गुणोत्तर साधारण १२ टक्क्यांनी घटतं. हवेच्या गाडीत स्प्रिंगही कडक झालेली असते, त्यामुळे तेच गुणोत्तर २३ टक्क्यांनी घटतं. भरलेल्या गाडीत हवेच्या स्प्रिंगला तोच शॉकअप जास्त तोकडा पडतो. म्हणून कायम क्रेट भरून फिरणाऱ्यानं मूळ मापापेक्षा किंचित कडक शॉकअप घ्यायला माझी हरकत नाही, मात्र तो एअर सस्पेन्शनसाठीच जुळवलेला हवा. भाऊ हंगामाचे दोन महिने सोडले तर एकटाच फिरतो. त्याला मूळ मापच योग्य होतं.

कडकपणाहून कमी चर्चेत असलेली, पण जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे लांबी. या गाडीत सगळ्यात खालच्या आणि खडकाळ वाटेसाठीच्या उंचीत जवळजवळ १० सेंटीमीटरचा फरक आहे, शिवाय चाकाची स्वतःची वरखाली. शॉकअप पूर्ण दबला तरी त्याआधी रबरी ठोकळा टेकायला हवा, नाहीतर पिस्टन तळाशी आपटून आतून फुटतो. आणि पूर्ण उघडल्यावर त्यानं ॲक्सलला तिथंच धरून ठेवायला हवं. गाडी उंच करणाऱ्यांसाठी विकले जाणारे लांब शॉकअप इथं घात करतात. चाक खोल खड्ड्यात लटकलं की ॲक्सल गरजेपेक्षा खाली जातं आणि बेलोची रबरी बाही तिच्या खालच्या बैठकीवरून उलगडून निघते. पोलादी स्प्रिंग फार तर जागेवरून हलते, बेलो मात्र फाटतो. भावाच्या हेवी ड्यूटी जोडीची उघडी लांबी आम्ही टेपनं मोजली, मूळच्या शेजारी ठेवून. चांगली चार बोटं जास्त भरली. हरसूलच्या वाटेला जायच्या आत मोजली हे नशीब.

शॉकअपचे दोन प्रकार असतात. ट्विन ट्यूब की मोनोट्यूब, यावर लोक हिरिरीनं भांडतात. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते. दीर्घकाळ आदळआपट झाली की तेल तापून पातळ होतं, त्यात गॅसचे बुडबुडे मिसळतात आणि विरोध ढासळतो. मोनोट्यूबमध्ये नळी एकच असते. तिच्यात जास्त दाबाचा नायट्रोजन वेगळ्या पिस्टनमागे कोंडलेला असतो, तेल फेसाळत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. पण तिची बाहेरची नळी म्हणजेच पिस्टनची वाट. दगड लागून पोचा पडला की पिस्टन अडकलाच. ट्विन ट्यूब असा छोटा पोचा सोसून नेते. शिवाय मोनोट्यूबच्या १४ मिलिमीटरच्या दांडीवर २० बार दाबाचा गॅस सुमारे ३० किलोनं सतत रेटत असतो. साध्या गाडीत त्यानं ती थोडी उचलली जाते. एअर सस्पेन्शन मात्र उंची कायम राखण्यासाठी बेलोतून तेवढी हवा सोडून देतं. आमच्याकडचे दगडधोंडे बघता मी गॅस भरलेली ट्विन ट्यूब सुचवली. पक्क्या महामार्गावरच धावणाऱ्याला मी उलटं सांगितलं असतं.

बसवताना मी स्वतः गॅरेजमध्ये उभी राहिले. एअर सस्पेन्शनची गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कुणीही शिरू नये. हवा सुटली तर ती न सांगता खाली येते. चेसीला पक्के स्टँड लावले, ॲक्सलला वेगळा आधार दिला, कारण शॉकअप काढला की ॲक्सलला लटकण्यापासून अडवणारं काही उरत नाही आणि भार बेलोवर येतो. नवे शॉकअप आडवे पडून आलेले होते. ते उभे धरून चार-पाच वेळा सावकाश दाबून उघडले, म्हणजे आतल्या नळीतली हवा वर निघून जाते.

शेवटी मिस्त्री शॉकअपच्या बुशचे, म्हणजे जोडावरच्या रबरी कड्यांचे, बोल्ट गाडी वर असतानाच आवळायला निघाला. त्याला थांबवलं. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत चिरतं. "मॅडम, खाली आल्यावर पाना नीट बसत नाही," तो म्हणाला. खरंच बसत नव्हता. मग चाकं फळ्यांवर चढवली, इंजिन चालू करून गाडी नेहमीच्या उंचीला येऊ दिली, इंजिन बंद केलं, चेसीखाली स्टँड सरकवले आणि तो लांब पान्यानं, कुरकुरत का होईना, दोन्ही बोल्ट आवळून बाहेर आला.

पुढच्या रविवारी पुन्हा पेठ रस्ता, तीच टपरी. या वेळी चहा मी आणायला गेले आणि भाऊ चाकांमागे हात घालत होता.