पृथ्वीनिकट लघुग्रह आणि आघाताचा धोका

सूर्याभोवती फिरताना जे लघुग्रह सूर्यापासून १.३ खगोलीय एककांच्या आत येतात, त्यांना पृथ्वीनिकट लघुग्रह म्हणतात. एक खगोलीय एकक म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांतले सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. १८९८ मध्ये सापडलेला एरॉस हा यांतला पहिला. आता नोंदलेल्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात आहे. यातले बहुतेक मूळचे मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले. गुरूच्या ओढीने कक्षा बदलून ते आत सरकलेले असतात.

शब्दांचा घोळ आधी निस्तरावा लागतो. अवकाशात फिरतो तोवर तो लघुग्रह किंवा त्याचा तुकडा. वातावरणात शिरून पेटला की दिसते ती उल्का, जिला खेड्यात ‘तारा तुटला’ म्हणतात. आणि जमिनीपर्यंत पोचलेला दगड म्हणजे अशनी. बातम्यांमध्ये मात्र सरसकट उल्काच पडते.

‘जवळून’ या शब्दानेही बरीच फसगत होते. कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येत असेल आणि आकार साधारण १४० मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर लघुग्रह ‘संभाव्य धोकादायक’ यादीत जातो. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे; म्हणजे ही हद्द चंद्राच्या जवळजवळ वीसपट लांब पडते. यादीत नाव येणे म्हणजे नजर ठेवण्याजोगा असणे, एवढाच त्याचा अर्थ.

आघात खरोखर होतात याचा पुरावा मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आहे. जालना जिल्ह्यातला मंठा तालुका ओलांडला की बुलढाण्यातले लोणार लागते. तिथले विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद असून बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकात पडलेल्या, चांगल्या टिकलेल्या आघात-विवरांत त्याची गणना होते. ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली, तोच हा थर. त्यामुळे पूर्वी हे ज्वालामुखीचे मुख मानले जाई. प्रचंड दाबाखालीच तयार होणारे काचरूप मॅस्केलिनाइट तिथल्या खडकात सापडले आणि १९७३ मध्ये आघाताचा निष्कर्ष पक्का झाला. वय आधी सुमारे ५० हजार वर्षे धरले जाई; २०११ मध्ये खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीने ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास नेले. विष्णूने तिथे लवणासुराला मारल्याची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर सगळ्यांना ठाऊक असते, मॅस्केलिनाइट कुणालाच नाही. आणि कथा सांगायला सोपी आहे, हेही खरेच.

धोका समजून घ्यायला किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे नुकती झोपली होती, आणि दगड-मातीची घरे अंगावर कोसळली. भूकंपाची तारीख कुणी आधी सांगू शकत नाही. लघुग्रहाची सांगता येते, कधी कधी मिनिटापर्यंत. अट एकच: तो आधी सापडलेला हवा. एक किलोमीटरहून मोठे जवळजवळ सगळे सापडले आहेत. १४० मीटरच्या वरचे निम्मेसुद्धा नाहीत. त्याहून लहान अचानकही येतात. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड सूर्याच्या दिशेकडून आला, म्हणून दुर्बिणींना दिसलाच नाही. तो हवेतच फुटला. जखमी झालेले सुमारे १,५०० लोक बहुतांशी खिडक्यांच्या काचांनी जखमी झाले. लखलखाट पाहून लोक खिडकीशी गेले होते, आणि स्फोटाचा धक्का नंतर पोचला.

आघाताची शक्यता आधी वाढते आणि मग एकदम शून्यावर येते, याचा लोकांना संशय येतो. हरवलेली शेळी दहा गावांच्या शिवारात शोधत असताना ती आपल्याच रानात असण्याची शक्यता थोडी. शोध एका शिवारापर्यंत आला की ती वाढते, आणि शेळी शेजाऱ्याच्या बांधाला सापडली की संपते. २०२४ वायआर४ या साधारण ६० मीटरच्या लघुग्रहाचे असेच झाले. २२ डिसेंबर २०३२ ची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. आघाताचा संभाव्य पट्टा अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत होता. पुढच्या आठवडाभरातल्या वेधांनी पृथ्वीवरचा धोका जवळपास मिटला.

वेळेवर कळले तर दगड वळवता येतो. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट यान डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या, सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फसवर मुद्दाम आदळवले. ११ तास ५५ मिनिटांची त्याची प्रदक्षिणा सुमारे अर्ध्या तासाने घटली. युरोपचे हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या पाहणीला निघाले.

यापुढची मोठी भेट अपोफिसची. २००४ मध्ये सापडलेल्या या लघुग्रहाची २०२९ मधली आघाताची शक्यता काही दिवस २.७ टक्के दाखवली जात होती. आता निदान शंभर वर्षे धोका नाही. मात्र तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे दूरचित्रवाणीच्या उपग्रहांच्याही आतून जाईल. भारतीय वेळेनुसार तो क्षण १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराचा. त्याआधी तो हिंदी महासागरावरून आफ्रिकेकडे सरकलेला असेल. रात्र अमावस्येची, म्हणजे आकाश काळेभोर. आणि आंबेडकर जयंतीमुळे मराठवाड्यात त्या रात्री बरेच लोक तसेही जागे असतात.