अक्कलदाढेची वेदनाचाचणी

वेदनाशामक औषध माणसाच्या दुखण्यावर कितपत चालते, हे तपासण्याची चिकित्सालयीन संशोधनपद्धती. जबड्यात अडकलेली खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यावर भूल उतरताना जे दुखू लागते, त्याचेच येथे मोजमाप होते. स्टीफन कूपर व विल्यम बीव्हर यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. रुग्ण तरुण व एरवी धडधाकट असतो, शस्त्रक्रियेची वेळ ठरलेली असते आणि दुखणे जवळजवळ हमखास येते.

पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींमुळे १८ ते ३० वयाचे रुग्ण मिळणे अवघड नसते; अवघड असते ते सातव्या दिवशी टाके काढायला त्यांना परत आणणे. पालख्या मुक्कामाला असताना किंवा विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद असतात आणि दिवाळीत हॉस्टेल रिकामी होतात. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख देताना कॅलेंडर आठवडाभर पुढचे पाहावे.

ओपीजी एक्स-रेत (दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणाऱ्या) दाढेचा कोन आणि मुळाचे खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देणाऱ्या नसेशी असलेले अंतर पाहतात. नसेच्या नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली किंवा मूळ काळपट दिसले, तर अशा रुग्णाला चाचणीत न घेणे शहाणपणाचे. भुलीसाठी २% लिग्नोकेन व १:८०,००० अ‍ॅड्रिनॅलिन वापरतात. ब्युपिव्हाकेन हे भुलीचे दुसरे औषध टाळतात, कारण त्याची बधिरता तासन्‌तास टिकते आणि मोजायची वेळच लांबते. हाड कापताना ड्रिलच्या फिरत्या टोकावर (बर) सलाइनची धार सतत हवी. ती कमी पडली तर हाड तापते आणि दुखणे विनाकारण वाढते. उलट, हाड न कापता सहज निघालेल्या दाढेचे दुखणे इतके थोडे असते, की औषध व प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) यांत फरकच दिसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे दुखणे दोन ते चार तासांत वाढते. १०० मिलिमीटरच्या रेघेवर (एक टोक ‘अजिबात दुखत नाही’, दुसरे ‘असह्य’) रुग्णाची खूण साधारण ५० च्या पुढे गेली की गोळी देतात. ही रेघ प्रत्येक प्रतीवर पट्टीने मोजावी. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की ती १०३ किंवा ९७ची होते. रुग्णाकडे दोन स्टॉपवॉच असतात: जरासा फरक जाणवला की पहिले बंद करायचे, दुखणे चांगलेच उतरले की दुसरे. अगदीच असह्य झाल्यास आधीच ठरलेली दुसऱ्या वेदनाशामकाची गोळी देतात, पण शक्यतो पहिला तास थांबायला सांगतात. ही दुसरी गोळी दिल्यानंतरचे आकडे चाचणीच्या औषधाच्या खात्यावर धरत नाहीत.

खरी गोम प्रश्नाच्या भाषेत आहे. ‘आराम पडला का?’ असे छापले, तर ‘हो, तासभर पडले होते’ असेही उत्तर येऊ शकते. त्यापेक्षा ‘दुखणं किती कमी झालं?’ हे सरळ. शिवाय प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्याने विचारू नये; डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून रुग्ण ‘बरंय आता’ म्हणून मोकळा होतो. तसेच ‘काही औषध घेतलंय का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्याने सकाळीच कॉम्बिफ्लाम घेतलेली असू शकते, आणि तीत आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल दोन्ही असतात. ‘डोकेदुखीची, अंगदुखीची, तापाची गोळी?’ असे नाव घेऊन विचारावे.

रुग्णाचे शब्द त्याच्याच बोलीत टिपणे उपयोगाचे. ठणका, ठसठस हे बहुधा सुजेचे बोलणे. सणक, करंट, मुंग्या, आग हे शब्द आले की नसेकडे लक्ष जावे. तिसऱ्या दिवसाच्या आसपास नव्याने ठणका सुरू झाला, तो कानापर्यंत गेला व तोंडाला घाण वास आला, तर तो ड्राय सॉकेट, म्हणजे दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी जाऊन हाड उघडे पडणे. औषध निकामी ठरल्याची खूण नव्हे.

भारतात अशा चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाला समजेल अशा भाषेत लेखी संमती आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी लागते. नव्या औषधाला नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे २०१९चे नियम लागू होतात. गंभीर दुष्परिणाम संशोधकाने २४ तासांत कळवायचा असतो.

दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर कापसाची वात, टाचणी व दोन टोकांचा कंपास वापरून संवेदना तपासतात, बधिर भागाची कड पेनाने आखून फोटो काढतात आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तीच कड पुन्हा आखतात. कड आत सरकत असेल तर नस सावरते आहे. ती जागची हलली नाही, किंवा बधिर जागीच करंट येऊ लागले, तर रुग्णाला न्यूरॉलॉजीकडे पाठवतात.